ह्या नावाचा कोण आसा?

पोस्टमनला मी दोन महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या. एकदा तर नवऱ्यासमोर उघडच बोलले, "एक साधं पत्र घरी पोचवता येत नाही यांना." ते शब्द आज मागे घेते आहे.

मी मालवणी स्वयंपाकावर लिहिते. कोंबडी-वडे, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, खापरोळ्या. सिंधुदुर्गातल्या एका वाडीत बसून लिहिलेलं परळ-डोंबिवलीचे चाकरमानी वाचतात आणि त्या पानांवर गूगल ॲडसेन्सच्या जाहिराती दिसल्या की माझ्या खात्यात पैसे साठतात. साठतात म्हणजे किती, तर पहिले 10 डॉलर व्हायला अकरा महिने लागले. 10 डॉलर झाले की कंपनी तुमच्या पत्त्यावर कागदी पत्र धाडते. त्यात सहा आकड्यांचा पिन असतो. तो भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. भरला तरी हातात पडायला 100 डॉलर व्हावे लागतात, ती गोष्ट वेगळी.

मला याचं हसू आलं होतं. ओटीपी दोन सेकंदांत येतो, आणि एवढी मोठी इंटरनेटवाली कंपनी साध्या टपालाने पत्र पाठवणार, वर दोन ते चार आठवडे थांबा म्हणणार! हा निव्वळ जुनाटपणा, असं माझं ठाम मत होतं.

पत्र आलं नाही. तीन आठवड्यांनंतर दुसरं मागवता येतं, ते मागवलं. तेही दिसेना. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही, तर जाहिराती थांबतात. गणपती तोंडावर आले होते. उकडीच्या मोदकांची कृती शोधणाऱ्यांची झुंबड उडते ती याच दिवसांत, आणि माझा जीव त्या पत्रात अडकलेला.

एक दिवस पोस्टमन सासऱ्यांचं विम्याचं पत्र घेऊन आला. मी तोंड उघडायच्या आतच त्याने पिशवीतून एक पांढरं, पातळ पाकीट काढलं. तिन्ही कडांना भोकांची ओळ, तिथे फाडायचं आणि उलगडायचं, असलं. "वैनी, ह्या नावाचा कोण आसा वाडयेत? मी सगळ्यांका इचारलंय. एक पत्र परत धाडलंय, आता ह्या पण धाडतलंय."

पाकिटावर नाव होतं, सुलभा. म्हणजे मी.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवऱ्याने माझं नाव मानसी लिहिलं. त्या दिवसापासून या घरात, या वाडीत मी मानसी. पॅन कार्डावर मात्र आडनावच बदललं, त्यामुळे बँकेत सुलभाच राहिले, आणि पैसे घेणाऱ्याचं नाव बँकेतल्या नावाशी जुळायला हवं. आडनावावरून शोधावं, तर आमच्या वाडीत सतरा घरं आणि त्यांतली पंधरा एकाच आडनावाची. पोस्टमन घरं ओळखतो ती कर्त्या पुरुषाच्या नावाने. माझी सगळी पत्रं आजवर 'द्वारा' लिहून सासऱ्यांच्या नावावर येत. या वेळी अर्ज भरताना ती ओळ मीच खोडली होती. माझी कमाई, मग नावही माझंच!

पत्त्यातल्या सहा आकडी पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. सारख्या नावांच्या गावांचा घोळ त्याने मिटला. पहिला आकडा विभागाचा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. माझ्या पत्राने ते सहाही आकडे बिनचूक पार केले. पुढचं दीड मैल अंतर मात्र आकड्यांचं नव्हतं. तिथे कोणीतरी 'हो, ही इथलीच' म्हणायला हवं होतं, आणि चौदा वर्षांत मी कोणाला तशी सोयच ठेवली नव्हती.

तेव्हा माझं मत फिरलं. ओटीपी माझ्या फोनला विचारतो, आणि फोन हो म्हणतो. पत्राने वाडीला विचारलं, आणि वाडी नाही म्हणाली. ज्याला मी जुनाटपणा म्हणत होते, त्याने माझ्याबद्दलची खरी गोष्ट बाहेर काढली होती. अर्जातून सासऱ्यांचं नाव खोडणं सोपं होतं, चारचौघांत स्वतःचं नाव सांगणं मी टाळत आले होते.

पिन भरला. 'द्वारा' पुन्हा लिहिलं नाही. त्याऐवजी कुडाळहून पाटी रंगवून आणली आणि सासऱ्यांच्या पाटीखाली ठोकली. सासरे चष्मा लावून वाचून गेले, बोलले काही नाहीत.

परवा बँकेचं नवं कार्ड आलं. पोस्टमन खळ्यातूनच ओरडला, "सुलभा वैनी!"

शेजारच्या काकी गडग्यावरून डोकावल्या. "कोणाक हाक मारता तो?"

"माका, काकी," मी म्हटलं.