मास्तरीण व्हायला पैसे मिळतात!

भौतिकशास्त्राचे शिक्षक व्हा, शिकायला पैसे आम्ही देतो, असं म्हणणारं सरकार जगात आहे! इंग्लंडचं. आणि २०२३-२४ पासून ही मदत परदेशातून येणाऱ्यांनाही खुली झाली. तीही सगळ्या विषयांना नाही, फक्त भाषांना आणि आपल्या फिजिक्सला. फिजिक्सची त्या वर्षीची रक्कम २७,००० पौंड! बी.एस्सी. फिजिक्स करून विट्यात बसलेल्या पोरीनं हे वाचल्यावर गप्प कसं बसायचं, सांगा!

कारण साधं आहे. तिकडे फिजिक्स शिकलेली माणसं शाळेत यायला तयार नाहीत, सरकारचं भरतीचं उद्दिष्ट वर्षानुवर्षं पुरं होत नाही, मग जीवशास्त्राचे शिक्षक न्यूटन शिकवतात. नियम आणि आकडे दरवर्षी बदलतात, परदेशी विद्यार्थ्यांची फीही दणदणीत असते, त्यामुळे हातात उरतं किती याचा हिशेब वेगळा. तो करतेय मी. पण आधी तो कोर्स तर बघा! पीजीसीई म्हणतात त्याला. पदवीनंतर एक शैक्षणिक वर्ष, आणि त्यातले निदान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत, तेही एकाच नाही, दोन वेगवेगळ्या शाळांत. खरी पोरं, खरा दंगा, आणि मागच्या बाकावर तुमचा तास बघत बसलेले अनुभवी शिक्षक.

आमचं घर गलाईवाल्यांचं. चुलते कोईमतूरला सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानात. यात्रेला गावी आले होते, त्यांना सगळं धडाधड सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, मास्तरीण व्हायला एवढ्या लांब कशाला? विट्यात शाळा न्हाईत व्हय?"

"तात्या, सोनं वितळवायला तुम्ही कोईमतूर का गाठलं? विट्यात जाळ पेटत न्हाई व्हय?"

तात्या खो खो हसले. हा मुद्दा मी जिंकला.

पण पैशांपेक्षा मोठा शोध पुढेच लागला. फिजिक्स कसं शिकवायचं, पोरांच्या डोक्यात नेमकं कुठे अडतं, यावर लोक आयुष्यभर संशोधन करतात! आपल्या मुंबईतही, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे आणि मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही! अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट नावाच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्या गटाचा एक प्रश्न असा: एक सेल, एक बॅटरीचा बल्ब, वायरचा एकच तुकडा. बल्ब लावून दाखवा. बस, एवढंच. आणि यात विद्यापीठातली मुलंही अडकतात!

मी लगेच चौकातून सामान आणलं आणि इंजिनिअरिंगच्या चुलतभावाला बसवलं. त्यानं वायरचं एक टोक सेलला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला. अंधार. वायर उलटी केली. अंधार. "बल्ब गेलाय," म्हणाला. बल्ब ठणठणीत होता! बल्बला जोडायच्या जागा दोन: बुडाचा टिपका आणि बाजूची पत्र्याची आटी. बल्ब सेलच्या बटणावर उभा करायचा आणि सेलच्या बुडापासून वायर आणून त्या आटीला टेकवायची. लागला! विद्युत मंडल पूर्ण हवं हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं, पण बल्बच्या आतून वाट कशी जाते हे कधी बघितलंच नव्हतं. हे शिकवायचं शास्त्र आहे हो!

आता मला जिकडेतिकडे धडेच दिसतायत. तात्यांची मूसच घ्या. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. वितळायला लागलं की जाळ कितीही द्या, सगळं पाणी होईपर्यंत तापमान हलत नाही. अप्रकट उष्मा! पण दागिन्याचं २२ कॅरटचं सोनं मुशीत टाकलं तर पुस्तकातली ती सपाट रेघ मिळत नाही, कारण मिश्रण एका ठरावीक अंशाला वितळत नाही, थोडं थोडं करत वितळतं. आणि तात्या तर मुशीच्या रंगावरून सांगतात, अजून व्हायचंय की झालं. थर्मामीटर नाही, काही नाही! तापल्या वस्तूचा रंग तापमानासोबत बदलतो, तांबडा, नारिंगी, पिवळा. याच कोड्यावर डोकं खपवून मॅक्स प्लँकनं १९०० साली पुंजाची कल्पना मांडली. म्हणजे क्वांटम फिजिक्सचं मूळ आमच्या घरच्या धंद्यात! तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्याला दुकानात ठेवून घेतला असता."

आता शिवाजी विद्यापीठातून गुणपत्रकांची ट्रान्सक्रिप्ट काढायचीय, इंग्रजीची परीक्षा द्यायचीय, आणि अर्जात लिहायचंय की तुम्हाला फिजिक्सच का शिकवायचंय. माझी चार पानं भरलीत, बल्ब अजून यायचाय, आणि अर्जाला म्हणे शब्दमर्यादा आहे!