पंखाविना जन्मलेली माशी

अंबाजोगाई, जि. बीड

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत तू विंट प्रथिनांवर काम करणार, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. या प्रथिनांची गोष्ट 1980 पासून सांगायची पद्धत आहे. तिचा आरंभ मात्र आपल्या देशातला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

सध्या घरात बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं पिकायला घातलीत. टोपलीवर चिलटं घोंगावताहेत. त्यातलं एक भिंगाखाली धरलं: लाल डोळे, पाठीवर दुमडलेले दोन पंख आणि त्यांच्यामागे, उडताना तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या गाठी. या गोष्टीतली ड्रोसोफिला माशी ती हीच.

1973 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी या माशीतला एक नवा उत्परिवर्तित वाण नोंदवला. काही माश्यांना एक पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते. पण पंखाची जागा रिकामीही नव्हती. तिथे छातीच्या वरच्या भागाचीच उलटी प्रत उगवली होती, आरशात दिसावी तशी! म्हणजे पंख नुसता गळाला नव्हता. तिथल्या पेशींना पंख होण्याचा निरोपच पोचला नव्हता. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी 1976 साली याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. ज्या जनुकात हा बदल झाला होता, त्याचं नाव विंगलेस.

पुढे 1980 मध्ये हायडेलबर्गला क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी अळीच्या शरीराचे खंड बिघडवणारी जनुकं शोधली, त्यांतही विंगलेस होतं. ते पूर्ण निकामी झालं, की अळीच्या पोटावरचे गुळगुळीत पट्टे जातात आणि सगळीकडे बारीक काटे येतात. कारण भ्रूणाच्या प्रत्येक खंडात पेशींची एक ओळ विंगलेस प्रथिन बाहेर सोडते. शेजारची ओळ त्याला हेजहॉग या दुसऱ्या प्रथिनाने उत्तर देते. एकमेकींना जागं ठेवणाऱ्या या दोन ओळींमुळे खंडाची पुढची-मागची बाजू ठरते. या कामाला 1995 चं नोबेल मिळालं.

दरम्यान 1982 मध्ये रूल नुस आणि हॅरल्ड वार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या कर्करोगात इंट-1 हे जनुक सापडलं होतं. 1987 मध्ये नुस यांच्या गटाने, तुझ्याच ॲमस्टरडॅममध्ये, दाखवून दिलं की माशीतलं विंगलेस हेच त्याचं भावंड. विंगलेस आणि इंट या दोन नावांतूनच तुझं विंट हे नाव आलं. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत विंट प्रथिनांचीच संदेशसाखळी बिघडलेली असते. आपल्या पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांनीही माशीच्या मागच्या जोडीचे पंख न होता त्या तोल सांभाळणाऱ्या गाठी का होतात, यावर काम केलं. तिथेही विंगलेसचा संदेश आवरला जातो.

शेतीच्या संस्थेत एका माणसाने बिनपंखी माशीकडे नीट पाहिलं, आणि त्यातून कर्करोगाच्या संशोधनाला वाट मिळाली. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण दे. आणि प्रबंध लिहिशील तेव्हा पहिल्याच प्रकरणात शर्मांची 1973 ची नोंद आवर्जून घाल. तो त्यांचा हक्क आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
मावशी