सुप्याच्या माळावर

मे महिन्यात ताडोब्याला तीन सफाऱ्या केल्या. तिन्ही मिळून एक वाघ दिसला, तोही पाठमोरा, आणि त्याच्याभोवती अकरा जिप्सी. जिप्सी मुलाने मोजल्या. दुसरं मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं. त्या सहलीच्या खर्चाचा विषय आमच्या घरात अजून कोणी काढत नाही. म्हणून डिसेंबरात त्याने पुन्हा जंगलाची भुणभुण लावली तेव्हा मी म्हटलं, रविवारी सुप्याला जाऊ. पहाटे निघायचं, दुपारी जेवायला घरी.

"सुप्याला काय आहे?"

"चिंकारा."

"म्हणजे हरीणच ना," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. सातवीतल्या मुलाला वाघाखालचं काही चालत नाही.

आईला न्यायचा बेत नव्हता. तिचे गुडघे दुखतात, पहाटेची थंडी बाधते. पण ती मुक्कामाला होती आणि 'सुपे' हा शब्द तिने स्वयंपाकघरातून ऐकला. तिचं माहेर पुरंदर तालुक्याच्या पूर्व टोकाला, मोरगावच्या अलीकडे. "येताना मोरगावच्या गणपतीला जाऊ, मग येते," म्हणाली. सफारी म्हणजे काय हे तिला मुलाने समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माळ बघायला पैसे द्यायचे?"

पावणेपाचला निघालो. हडपसर त्या वेळी हडपसर वाटत नाही, इतकं मोकळं असतं. उरुळी कांचनच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर लागले. दोन-दोन ट्रेलर, मागे दिवा नाही, पुढे मात्र स्पीकरवर गाणी. यवतला चहा घेतला. चौफुल्याला उजवीकडे वळलो आणि दहा मिनिटांत ऊस संपला. बारामती म्हटलं की पाटाचं पाणी आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात, पण तालुक्याचा हा भाग जिरायती. जनाई-शिरसाई योजनेचं पाणी उपसून इकडे आणलंय, ते पोचतं तिथे हिरवं, बाकी सगळं तांबूस-पिवळं. आई पुढच्या सीटवर इतका वेळ डुलक्या घेत होती. ती इथे जागी झाली आणि तिने काच खाली केली.

सुपे हे गाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं. पुणे-सुपे म्हणजे शहाजीराजांची जहागीर. मयूरेश्वर अभयारण्य त्या सुप्याच्या शेजारी आहे, नाव अर्थातच मोरगावच्या गणपतीचं. १९९७ साली ते जाहीर झालं. क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सतराशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि पुणे महापालिकेची हद्दच आता शेकडो चौरस किलोमीटरची आहे. थोडक्यात, हे अभयारण्य आपल्या शहराच्या एका कोपऱ्यात कुठेही मावेल. फाटकावर पावती फाडली, स्वतःच्याच गाडीने आत जायचं असं ठरलं आणि गावातला एक पोरगा वाटाड्या म्हणून बरोबर आला. पंचविशीचा असेल. गळ्यात दुर्बीण, पायात चपला. मागे मुलाशेजारी बसता बसता म्हणाला, "ताई, फर्स्ट-सेकंडवरच चालवा. आणि दार आपटू नका."

मुलाने मागच्या काचेतून पाहिलं. "आपलीच एक गाडी आहे," तो म्हणाला. एवढ्यावर त्याचं थोडं समाधान झालेलं दिसलं.

उजाडत होतं. गवत कमरेइतकं, वाळून सोन्यासारखं झालेलं, मधून मधून हिवर, बोरी, तरवड, आणि काही ठिकाणी गिरिपुष्पाच्या सरळ रांगा. त्या रांगा बघितल्या की कळतं, ही झाडं आपण होऊन आलेली नाहीत. मोकळी जमीन दिसली की झाडं लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड. इंग्रजांनी ज्या जमिनीवर सारा बसत नव्हता तिला पडीक ठरवलं, आणि देशाच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये गवताळ माळ अजूनही त्याच रकान्यात जातो. मी बँकेत कर्जविभागात वीस वर्षं काढली. सातबाऱ्यावरचा 'पडीक' हा शब्द मी किती वेळा वाचला असेल आणि त्यावर किती वेळा नकाराचा शिक्का मारला असेल! त्या शब्दात कोणी राहत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

वाटाड्याने गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून गवताची एक काडी तोडून आणली. "ही कुसळी." काडीच्या टोकाला काळपट, पीळ दिलेल्या दोरीसारख्या कुसळांचा गुंता होता. त्यातलं एक सोडवून त्याने मुलाच्या तळहातावर ठेवलं. खाली सुईसारखं टोकदार बी, त्याला मागे वळलेली बारीक लव आणि वर बोटभर लांब शेपूट, मध्ये काटकोनात मोडलेलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून त्याने एक थेंब त्यावर सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग शेपटाचा पीळ उलगडायला लागला आणि ते कुसळ मुलाच्या तळहातावर आपण होऊन फिरायला लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं, पण अडखळत. मुलाने हात झटकला, मग पुन्हा पुढे केला.

"दहिवर पडलं की ते असं फिरतं. वाळलं की उलटं फिरतं. फिरत फिरत बी मातीत घुसतं. लव मागे वळलेली असते, त्यामुळं घुसलेलं बाहेर येत नाही."

"आणि मेंढराच्या कातड्यात पण तसंच घुसतं," आई पुढून म्हणाली. "मेंढरं रडकुंडीला येतात. म्हणून कुसळी पोटरीत यायच्या आत चारून घ्यायची." एवढं बोलून ती पुन्हा बाहेर बघायला लागली. वाटाड्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आपण कुणाला माहिती सांगतोय, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

चिंकारे मुलालाच आधी दिसले. शेळीपेक्षा किंचित उंच, अंग वाळल्या गवताच्या रंगाचं, पोट पांढरं, आणि काळी आखूड शेपटी सतत इकडून तिकडे हलणारी. नाहीतर ते दिसलेच नसते. चार उभे होते, मग पाच झाले, मग बसलेले आणखी चार उठले. शिंगं नराला असतात तशी मादीलाही, पण तिची बारीक. पाणवठा आटला तरी ते पाल्यातल्या आणि दहिवराच्या ओलाव्यावर दिवस काढतात. आम्ही श्वास रोखून बसलो. त्यातल्या एका मादीने पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि ती शिंकली.

खरंच शिंकली. नाकातून फट्कन आवाज आला. मुलगा हसला. "सर्दी झालीय तिला."

"तीच तिची शिट्टी," वाटाड्या कुजबुजला. "छींक, म्हणून चिंकारा, असं म्हणतात. धोका आहे, असं सांगतीय ती बाकीच्यांना."

धोका आम्हीच होतो. दुसऱ्या शिंकेला सगळे उधळले. पळतानाही गवत फारसं हललं नाही. मुलाने नऊ असा आकडा सांगितला आणि वहीत लिहिला.

मग अर्धा तास काहीच नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सफारीची वर्णनं वाचून प्रत्येक वळणावर प्राणी उभा असतो असं वाटतं. एक भोवत्या गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून तरंगत गेला. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर झोपतात. त्यामुळे माळ गेला की त्यांची मुक्कामाची जागाच जाते. तारेवर एक खाटीक बसला होता. मुलाने दोनदा जांभई दिली, मला चहा हवासा झाला.

टॉवरपाशी पोचलो तेव्हा आईने लोखंडी जिना बघूनच हात जोडले. "तुम्ही जाऊन या. मी बसते गाडीत. मला काय बघायचंय माळावर!" काच अर्धी खाली ठेवून, शाल देऊन आम्ही तिघं वर गेलो. वरून सगळा माळ एका नजरेत आला आणि त्याची कडाही दिसली: एका बाजूला पोल्ट्रीच्या लांबट शेड, पलीकडे कुणाची तरी प्लॉटिंगची पांढरी दगडं. दुर्बिणीतून खोकड सापडलं. कोल्ह्याहून लहान, कान मोठे, शेपटीचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळं. बोरीखाली ते काहीतरी उकरत होतं. वाटाड्या म्हणाला उंदीर असेल, नाहीतर वाळवी. मुलगा वीस मिनिटं दुर्बीण सोडेना. मी त्याला इतका वेळ गप्प बसलेला शाळेच्या परीक्षेतही पाहिलेला नाही.

खाली आलो तर आई म्हणाली, "लांडगा येऊन गेला."

आम्हाला वाटलं थट्टा करतेय.

"त्या हिवराच्या बाजूने आला. रस्त्यावर थांबला. माझ्याकडं बघितलं, खाली बसला, पुन्हा उठला आणि तिकडं गेला. घाई नव्हती त्याला."

"आजी, फोटो काढलास?"

"फोन पर्समध्ये. पर्स डिकीत."

वाटाड्या काही न बोलता तिने दाखवलेल्या जागी गेला. चाकोरीत बारीक फुफाटा होता. त्याने वाकून बघितलं, मग गुडघ्यावर बसला. ठसा होता. लांबट, पुढची दोन बोटं पुढे ओढलेली, नखांची टोकं उमटलेली. त्याने शेजारी स्वतःचा हात ठेवून मोबाइलवर फोटो घेतला. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांपेक्षा तो पंजा बराच मोठा होता, एवढं मलाही कळलं.

"लांडगा असंल," तो उठून म्हणाला. "पण मी नक्की म्हणणार नाही, आजी. कुत्री बी लई झालीत." पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतात, त्यावर कुत्री जगतात आणि लांडगेही जगतात, आणि एकाच उकिरड्यावर दोघं भेटतात. पुढचं मी वाचलेलं होतं. २०२३ साली पुणे जिल्ह्यातल्याच एका जनावराच्या जनुकांची तपासणी झाली आणि लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो, हे भारतात पहिल्यांदा पक्कं ठरलं. देशभरात मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांपेक्षा जास्त नाहीत. पण लांडग्यासाठी अकरा जिप्सी कुणी उभ्या करत नाही. रस्त्यावर ठसा दिसला तरी तो कुणाचा, लांडग्याचा, कुत्र्याचा की अर्धा-अर्धा, हे सांगायची पंचाईत.

"कुत्रं नव्हतं," आई म्हणाली. "कुत्रं माणसाला बघून शेपूट हलवतं नाहीतर पळतं. हा हिशेब करत होता."

फाटकाबाहेर बाभळीखाली धनगरांचा वाडा उतरला होता. वाघर लावलेली, आत कोकरं, दोन घोडी, चुलीचा धूर. आईने गाडी थांबवायला लावली आणि पहिल्यांदाच त्या दिवशी स्वतःहून खाली उतरली. कुठले, कुणाच्या रानात मेंढरं बसवलीत, बदल्यात ज्वारी मिळते की पैसे, अशी चौकशी झाली. मग तिने लांडग्याचं काढलं.

"येतोय की," म्हातारा म्हणाला. "मागल्या आमुशेला कोकरू नेलं."

"भरपाई मिळते ना सरकारकडून?" मी विचारलं. बँकेची सवय.

"भरपाईला पंचनामा लागतो, ताई. पंचनाम्याला कोकरू लागतं. त्यो काय शिल्लक ठिवतो व्हय?" तो हसला, मीही हसले, पण त्याची म्हातारी हसली नाही. ती आईला म्हणाली, "माझ्या हातावर वाढलेलं हुतं, बाई."

त्यावर आईने नुसता तिच्या दंडावर हात ठेवला. निघताना म्हातारीने मुलाच्या पँटला लागलेली कुसळं एकेक करून उपटली, तरी अर्धी राहिलीच.

मोरगावला दहाच्या सुमारास पोचलो. रविवार असून गर्दी बेताची. दर्शन झाल्यावर आई बाहेर मोठ्या नंदीच्या चौथऱ्याला टेकून बसली. गणपतीच्या दारात नंदी कसा, हा मुलाचा प्रश्न तिने हातानेच उडवून लावला, कारण ती मामाला फोन लावत होती. मामा आता ऐंशीचा, कानाने अधू, त्यामुळे बोलणं अख्ख्या देवळाला ऐकू जात होतं.

"अरे, सुप्याच्या माळावर लांडगा भेटला!"

"आजी, कुत्रा पण असू शकतो," मुलगा हळूच म्हणाला. "वहीत मी प्रश्नचिन्ह टाकलंय."

तिने फोनवर तळहात ठेवला. "गप रे." मग पुन्हा फोन कानाला लावला. "हो, हो. अगदी तसाच. आपल्या ओढ्यावर यायचा ना, दादांनी काठी फेकली होती तरी हलला नव्हता, तस्साच. काय? मोठ्याने बोल. नाही रे, आता कुठली शेरडं बरोबर? गाडीत बसले होते."