फडताळातली बाटली

वळवाचे दोन पाऊस झाले, की जिन्याखालच्या फडताळातली ती बाटली बाहेर निघते. तळहातात मावेल एवढी, अंगावर तेलाचा चिकटा, तोरा मात्र शक्तिवर्धक टॉनिकचा. आत फ्युएल स्टॅबिलायझर. काम एकच: पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या येझदीच्या टाकीतलं पेट्रोल टिकवायचं.

येझदी टू-स्ट्रोक. म्हैसूरचा तिचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण कोल्हापूरकरांचा तिचा नाद सुटला नाही. या गाडीनं नुसतं पेट्रोल कधी प्यायलंच नाही. ऑइलचं माप पडल्याशिवाय तिचं जेवण पुरं होत नाही. तेव्हा ताटात आणखी एक पदार्थ आला, याचं तिला काही वाटत नाही.

बाटलीचा स्वभाव थोरल्या आत्यासारखा. कार्याआधी बोलावलं तर सगळं निगुतीनं करील. कार्य उरकल्यावर बोलावलं तर उंबऱ्यावरनंच परत फिरेल. पेट्रोल नुसतं उभं राहिलं की त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या जेटचं सुईएवढं भोक बुजवतं. बाटली हा चिकटा लांबवते, एवढंच. शिळं पेट्रोल ताजं करणं तिच्या हातात नाही. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. दसऱ्याला गाडी धरंना, म्हणून तेव्हा बाटली ओतली. उद्यमनगरातले मिस्त्री हसले, "मेल्यावर च्यवनप्राश देतोयस व्हय?"

तिचा मानपान ठरलेला आहे. पेट्रोल त्याच दिवशीचं हवं. माप बाटलीवर लिहिलंय तेवढंच. जास्त ओतून गुण वाढत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही आणि पत्रा गंजत नाही. मग इंजिन दहा मिनिटं चालवायचं. ही दहा मिनिटं चुकवली, तर औषध टाकीत आणि आजार कार्बोरेटरमध्ये, अशी गत होते.

तिला धास्ती आहे ती आमच्याच उसाची. शिवारातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि ते पंपावरून टाकीत येतं. देशात पेट्रोलमधलं हे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर होतं, २०२५ मध्ये २० वर गेलं. इथेनॉल पाण्याचं तहानलेलं. दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की पेट्रोलची संगत सोडून पाण्यासकट बुडाशी बसतं. पेट्रोल कॉकही बुडाशीच. ऑइल राहतं वर, पेट्रोलबरोबर. इंजिनात उतरतं ते वंगणाशिवायचं पाणी. एकदा अशी फारकत झाली, की पुन्हा जुळवून आणणं आत्याला जमत नाही. टाकी रिकामी करणं हाच उपाय.

पंचगंगेच्या पुरापुढं तर बाटली हातच टेकते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गल्ल्यांत तेवढ्यावर गाड्या उंचावर हलतात. बुडालेल्या गाडीला किक मारू नये आणि तिच्यात कुठली बाटलीही ओतू नये. आधी सगळं उपसून, सुकवून घ्यावं.

खंडेनवमीला येझदी धुऊन निघते. हँडलला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू. तिसऱ्या किकला इंजिन बोलतं, गल्ली निळ्या धुरानं भरते आणि शाबासकी गाडीला मिळते. बाटली फडताळात, पुढच्या वळवापर्यंत.

तुमची गाडी आठवड्याला फिरत असेल, तर या बाटलीवर पैसे घालू नका; फिरती गाडी आपलं पेट्रोल आपणच ताजं ठेवते. उभी राहणार असेल, तर मात्र गाडी उभी करण्याआधीच बाटली आणा.