अहो, अरे आणि चांदबिबी

साखरपुड्याची तारीख ठरली आणि चौथ्याच दिवशी भावाने विचारलं, ‘‘प्री-वेडिंग कुठे करताय?’’ ‘करताय का’ नाही, थेट ‘कुठे’!

तोवर आमच्या भेटी झाल्या होत्या मोजून तीन. एक कांदेपोह्यांची, एक खराडीत कॉफीची आणि एक दोन्हीकडच्या आयांसोबत साडीखरेदीची. त्याला काय हाक मारायची, हेही माझं ठरत नव्हतं. ‘अहो’ म्हटलं की मी आईसारखी वाटायचे, आणि ‘अरे’ म्हटलं तर त्याच्या आईला काय वाटेल? मग मी बिनकर्त्याची वाक्यं बोलायला लागले. ‘जेवण झालं का?’ ‘मीटिंग संपली?’ व्हॉट्सअ‍ॅपवर असं महिनाभर निभावता येतं, स्वानुभव आहे.

फोटोग्राफरने पोझेसची पीडीएफ पाठवली. कपाळाला कपाळ, मागून मिठी, त्याने मला उचलून गोल फिरवायचं वगैरे. पॅकेज साठ हजार, ड्रोनसकट. म्हणजे ज्याला मी धड हाकही मारू शकत नव्हते, त्याने मला उचलायचं होतं!

मग ठिकाण शोधणं सुरू झालं. आम्ही नगरचे. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण कंडक्टरपुढे तोंडातून ‘एक नगर’ असंच निघतं. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात. नेहरू १९४२ ते ४५ तिथे कैदेत होते, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं. आपल्याला तिथे घागरा फिरवू देतील असं वाटत नाही. रणगाडा संग्रहालय भावाने सुचवलं. म्हटलं, ते लग्नानंतर बघू. शेवटी गाडी आली तिथेच, जिथे सगळ्यांची येते. पाथर्डी रस्त्यावर तेरा-एक किलोमीटरवर डोंगरावर उभा असलेला चांदबिबी महाल.

आजीने ऐकलं आणि सुपारी कातरता कातरता थांबली. ‘‘लगीन ठरलंय अन् थडग्यावर कशाला चाललात गं?’’

आजीचं खरं होतं. तो ना चांदबिबीचा, ना महाल. मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान, त्याची ती अष्टकोनी, तीन मजली कबर. ज्या चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवला आणि चार-पाच वर्षांत फितुरीच्या संशयावरून जी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, तिचं नुसतं नाव तिथे चिकटलंय. चौथीच्या सहलीत आम्ही तिथेच बसून डबे खाल्ले होते, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं.

त्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात मराठा समाजाने ठरवलेली लग्नाची आचारसंहिता. शे-दोनशे माणसांत लग्न, डीजे नको, प्री-वेडिंग नको. खाली काकांचा नुसता एक हात जोडलेला इमोजी. बाबा म्हणाले, ‘‘तुमच्या पगारातून करायचं तर करा. पण हॉलमध्ये पडद्यावर दाखवू नका, मला खाली बघत बसावं लागेल.’’ मला राग आला. लग्न आमचं, पैसे आमचे. पण पीडीएफमधलं पान नंबर सात आठवलं आणि मी गप्प बसले.

रविवारी आम्ही दोघंच जागा बघायला गेलो. पावसाळ्याचे दिवस, डोंगर हिरवागार आणि वारा असा की ओढणी सांभाळू की केस! वर एका जोडप्याचं शूट चाललं होतं. नवरीचा लांबलचक गाऊन दोन पोरं धरून होती. ‘‘सर, मॅमकडे बघा. प्रेमाने बघा!’’ सर बिचारे पाचव्यांदा प्रेमाने बघत होते.

मी म्हटलं, ‘‘हे जमेल का?’’

‘‘मला वाटलं, तुम्हाला हवंय,’’ तो म्हणाला.

‘‘मला वाटलं, तुमच्याकडे हवंय!’’

मग तो कठड्यावर बसला आणि म्हणाला, की त्याच्या वाटणीचे तीस हजार तो मित्राकडून घेणार होता. एज्युकेशन लोनचे चौदा हप्ते बाकी आहेत. घरून सांगितलं होतं, बघण्याच्या वेळी हा विषय काढू नको.

‘‘अरे, मग मला सांगायचं ना!’’

निघून गेलं तोंडातून. तेही चांगलं मोठ्याने. गाऊनवाल्या मॅमनेसुद्धा वळून बघितलं. त्यांच्या फोटोग्राफरला बहुधा हवा होता तसा एक्स्प्रेशन तेव्हा मिळाला असावा.

मला खरंच राग आला होता. हप्त्यांचा नाही, लपवल्याचा. पण मग माझंही एक लपवलेलं होतंच. भावाची कॉलेजची फी मी भरते आणि लग्नानंतरही भरणार आहे, हे आमच्याकडूनही कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, आता सांगूनच टाकावं. तो बराच वेळ काही बोलला नाही. लगेच ‘हो’ म्हणाला असता तर मला संशय आला असता. मग म्हणाला, ‘‘भर की. म्हणजे... भरा.’’

उतरताना हिशेब झाला. पॅकेज रद्द. ही वास्तू पुरातत्त्व खात्याची, ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते, तेही डोक्याला काम राहिलं नाही. त्याच्या मित्राकडे चांगला कॅमेरा आहे. शनिवारी सकाळी सातला जायचं, दोन तासांत आवरायचं. फोटो महालाच्या आत नाही, बाहेर डोंगरावर. मला फोटो हवेच आहेत. आईच्या साखरपुड्याचा एकही नाही. पडदा मात्र नको.

घरी येऊन आजीला सांगितलं. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

‘‘गाडी पार वरपर्यंत जाती का? मग मी बी येते. साठ वर्षं नगरात काढली, मला कुणी दाखवलीय का ती चांदबिबी?’’