दोन थांब्यांचं तिकीट

आईचं तिकीट मीच काढलं: मुंबई–पॅरिस–ॲमस्टरडॅम–शिकागो. ९० डॉलर वाचले म्हणून खूश होतो. मुंबईच्या काउंटरवरच तिला अडवलं. अमेरिकेचा व्हिसा हातात असला की एका शेंगेन विमानतळावर आतल्या आत विमान बदलता येतं. पण पॅरिस–ॲमस्टरडॅम हा शेंगेनच्या लेखी घरातल्या घरातला प्रवास. पॅरिसलाच इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्याला शेंगेन व्हिसाच हवा. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू घेऊन आई रात्री टॅक्सीने डोंबिवलीला परतली. पाच दिवसांनी दोहामार्गे आली, तोवर बारसं उरकलं होतं. पाळणा तिने फोनवरूनच म्हटला. आता तिकीट काढताना मी आधी थांबे मोजतो, भाडं नंतर बघतो.