वाया जाणारा श्वास

दोन दारांची, बसकी, वेगवान मोटार ही आपल्याकडे चित्रातच पाहावयाची वस्तू. एकाच मोटारीत आजी, दोन नातवंडे, लग्नाचा आहेर आणि धान्याचे अर्धे पोते मावले पाहिजे, असा ज्या समाजाचा हिशेब, त्याला दोन माणसांपुरती मोटार परवडत नाही. १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची मोटार तयार होऊ लागली, तेव्हा तिचे छायाचित्र मी वर्तमानपत्रातून कापून वहीत जपून ठेवले होते. सोलापुरात ती मला कधीच दिसली नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे सरकणाऱ्या आमच्या गावात उघड्या टपाच्या मोटारीतून हिंडण्याची हौस करणार तरी कोण?

तरीही हौस मरत नाही. ती वय वाढले की स्वस्त वाट शोधते. २०१९ मध्ये, शाळेतून निवृत्त होण्यास दोन वर्षे उरली असताना, मी एक जुनी फियाट लिनिया टी-जेट विकत घेतली. दारे चार, म्हणजे घरच्यांची सोय झाली. पण इंजिनाला टर्बोचार्जर आणि ओढ पुढच्या चाकांना, म्हणजे माझीही हौस भागली. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली ही मोटार. फियाटची मूळ विक्री आपल्याकडे आटत चालली होती आणि २०२० पूर्वीच त्या नावाच्या मोटारी बाजारातून गेल्या. ज्या मोटारीला वाली उरत नाही तिची किंमत कोसळते. नवी असताना जिच्याकडे मी नुसता पाहत राहिलो असतो, ती आठ वर्षांची झाल्यावर माझ्या आवाक्यात आली.

किती आवाक्यात, हाच खरा प्रश्न होता. मी दोन लाख दहा हजार मोजले. सौभाग्यवतीला मात्र एक लाख सत्तर हजार सांगितले. चाळीस हजारांची ही तफावत मी एका जुन्या ठेवीतून परस्पर भागवली. संसारात असे चालायचेच, असे मनाला समजावले. रविवारी मिस्सेनंतर फादरांनी चर्चच्या आवारात मोटारीवर पवित्र पाणी शिंपडले, प्रवाशांचे कैवारी संत ख्रिस्तोफर यांचे स्मरण केले आणि सर्वांनी पेढे खाल्ले. आशीर्वादाच्या वेळी मी मान खाली घातली होती. ती श्रद्धेने घातली असे पाहणाऱ्यांना वाटले असेल.

घरात या मोटारीकडे कुतूहलाने पाहणारे एकच माणूस होते. ते म्हणजे माझे वडील. त्या वेळी ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. रेल्वेत १९५६ मध्ये क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले, शंटर झाले आणि शेवटी ड्रायव्हर होऊन १९९४ साली निवृत्त झाले. १८६० साली सोलापुरास पहिली गाडी आली आणि तिच्या मागोमाग कामासाठी जी कुटुंबे आली, त्यांत आमच्यासारखी काही ख्रिस्ती कुटुंबेही होती. मीही इंजिनावर जावे अशी बाबांची इच्छा होती. मी शिक्षक झालो. त्यावरून भांडण असे झाले नाही; पण पुढे तीसएक वर्षे आमचे बोलणे हवापाणी, औषधे आणि सणावाराची मिस्सा यांपलीकडे फारसे गेले नाही.

एके संध्याकाळी मी बॉनेट उघडून उभा होतो. बाबा काठी टेकीत आले आणि म्हणाले, "यात वेगळे असे काय आहे, ते सांग."

मी शिक्षकी थाटात सांगू लागलो. इंजिनात पेट्रोल जळते; त्याचा तापलेला धूर नळीतून बाहेर टाकला जातो. त्या धुरात अजून जोर असतो. टर्बोचार्जरमध्ये तो धूर एका लहानशा चक्रावर सोडतात. चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. बाबांच्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीची. तिची ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती. ही १३६८ सीसीची. हिची एकशे चौदा. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९६२ साली अमेरिकेत ती प्रवासी मोटारींत आली.

बाबा ऐकत होते. मग हसून म्हणाले, "म्हणजे आमचीच ब्लास्ट पाइप."

मला कळेना. तेव्हा त्यांनी ओट्यावर बसून काठीच्या टोकाने मातीत वाफेचे इंजिन काढले. सिलिंडरमध्ये काम करून दमलेली वाफ नुसती सोडून देत नाहीत. ती धुराड्याखालच्या निमुळत्या नळीतून जोराने वर सोडतात. तिच्या झपाट्याने स्मोकबॉक्समधली हवा ओढली जाते, त्या ओढीने भट्टीतून वारा वाहतो आणि कोळसा फुलतो. इंजिन जितके कष्ट करील तितकी आग आपोआप प्रखर होते. "चढावर इंजिन जो भक् भक् आवाज करते ना, तो या श्वासाचा," ते म्हणाले. "काम संपलेली वाफ. पण तिच्यावाचून आग जगत नाही."

लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी कितीदा स्टेशनवर गेलो होतो. पण त्यांच्या इंजिनाविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता. साठहून अधिक वर्षांपूर्वी शिकलेली विद्या हा म्हातारा अजून बोटांच्या टोकांवर घेऊन बसला होता आणि ती विचारणारे घरात कोणी नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळी बदलल्या. विजापूर रस्त्यावर किंवा होटगीच्या बाजूला आम्ही फेरी मारून येत असू. पुढची चाके ओढणारी मोटार असल्याने मागे जाणारा लांब दांडा तिला नाही, हे त्यांना फार आवडले. घोडे गाडीच्या पुढे असावेत, हेच रास्त, असे ते म्हणत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग मोटार एकदम झेपावते, तेव्हा ते डाव्या हाताने दार घट्ट धरीत आणि लहान मुलासारखे हसत. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, हेही मी त्यांना सांगितले. टर्बो तापलेला असतो. वंगणतेल फिरते राहून त्याला निवू द्यावे लागते. नाहीतर तेथले तेल करपते. "किती वेळ?" त्यांनी विचारले. मिनिटभर, मी म्हणालो. "मग घड्याळ कशाला पाहतोस? तीन नमो मरिया म्हण."

फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी पुण्यास न्यावयाचे होते. पहाटेच निघालो. मोहोळ गेले. टेंभुर्णीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकताना फट् असा आवाज झाला, पाठोपाठ फुसफुस सुरू झाली आणि मोटारीतले सारे बळ गेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "श्वास फुटलाय. स्मोकबॉक्सच्या दाराला फट पडली की अस्सेच होते. कितीही कोळसा घाल, वाफ धरत नाही."

त्यांचे निदान अचूक होते. दाबलेली हवा नेणारी रबरी नळी क्लिपमधून निसटली होती. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका पोराला उठवून आणले. इंजिन निवेपर्यंत त्याने हात लावला नाही. आम्ही बापलेक उसाच्या चोयट्या पडलेल्या रस्त्याकडेला दगडावर बसून होतो.

"केवढ्याला घेतलीस?" बाबांनी विचारले.

मी सवयीने एक लाख सत्तर म्हणणार होतो. पण त्या म्हाताऱ्या कानांनी नुकतीच नळीतली फट ओळखली होती. मी खरा आकडा सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "तिला सांगून टाक. मी असेपर्यंत सांग."

पोराने ट्रॅक्टरच्या रेडिएटरची क्लिप बसवली, शंभर रुपये घेतले आणि आम्ही बारा वाजता पुण्यास पोहोचलो. त्या रात्री मी घरी फोन केला. सौभाग्यवतीने ऐकून घेतले. तिला सर्व ठाऊक होते. ठेवीची पावती तिने त्याच वर्षी पाहिली होती. "तीन वर्षे वाट पाहत होते," ती म्हणाली, "तुम्ही केव्हा सांगता याची." रागावली असती तर बरे वाटले असते. पुढच्या शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा चाळीस हजारांची गोष्ट दोन वाक्यांत संपली. त्या तीन वर्षांची सांगायला मात्र वेळ लागला. तिने मुकाट्याने माझ्यासोबत मोटारीत बसून मिस्सेला येणे, हे माझ्या लबाडीपेक्षा मला जड वाटत होते.

बाबा २०२३ च्या आगमनकाळात गेले. शेवटच्या महिन्यांत ते म्हणत, आता आपला काही उपयोग नाही. मी त्यांना त्यांच्याच ब्लास्ट पाइपची आठवण देई. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करावयास लावले, हे आपण दर वर्षी ऐकतो. आपल्या घरातले तुकडे मात्र आपल्याला दिसत नाहीत. मला ते दिसले, तेही उशिरा, आणि एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने.

मोटार अजून आहे. तिचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत. विकावी असे मुलगा म्हणतो. ट्रॅक्टरची ती क्लिप मात्र अद्याप घट्ट आहे. रात्री फाटकातून आत आलो की मी इंजिन चालू ठेवूनच बसतो. शेजारच्या आसनावर आता सौभाग्यवती असते. पहिली नमो मरिया ती सुरू करते, दुसरी मी म्हणतो, तिसरी आम्ही दोघे मिळून म्हणतो. मग मी किल्ली फिरवतो.